पावसाळ्यात गाडी मिसिंग मारते? इग्निशनचा कोड वाचून बिघाड शोधायची रीत

गेल्या जुलैत गगनबावड्याहून कोल्हापूरला परत येत होतो. साळवण मागं पडलं आणि गाडी झटके द्यायला लागली. रेस दिली तर पिकअप नाही, सोडली तर इंजिन थरथरतंय, आणि डॅशबोर्डवर पिवळा इंजिनाचा दिवा. हळूहळू चालवत कळ्यापर्यंत आलो, चहा घेतला, तासाभरानं गाडी जरा सुधारली म्हणून घर गाठलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड निघाला पी०३०२. "दोन नंबरची कॉइल गेलीय," म्हणून सांगितलं. कॉइल म्हणजे स्पार्क प्लगला ठिणगीसाठी मोठं व्होल्टेज देणारा भाग. कॉइल बदलली, कोड उडवला, दिवा विझला. दहाव्या दिवशी पाऊस लागला आणि तोच कोड परत. पुन्हा नवी कॉइल. तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा गाडी शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या वायरमन मामांकडे नेली.

मामांनी कॉइल बाजूला ठेवली आणि दोन नंबरचा प्लग काढला. फडक्यानं पुसला, दारात उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि मला जवळ बोलावलं. "हे बघ बाळा. पेन्सिलीनं रेघ ओढल्यागत दिसतंय का?"

प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर वरपासून खालच्या नटापर्यंत एक काळी, वाकडी, केसाएवढी रेघ होती. कॉइलचा रबरी बूट उलटा करून बघितला तर आतून तसलीच राखाडी रेघ. वायपरच्या खाली जी प्लास्टिकची जाळी असते, तिच्यातून पाणी बाहेर जायचं भोक पाल्यापाचोळ्यानं बुजलं होतं. पाणी इंजिनावर गळत होतं आणि नेमकं दोन नंबरच्या कॉइलवर. ओलाव्यातून स्पार्कनं प्लगच्या बाहेरून खाली जायची वाट पाडली, ती वाट जळून कोळशाची झाली, आणि कोळशातून वीज सहज जाते. म्हणजे नवी कॉइल घातली तरी जुना प्लग आठ-दहा दिवसांत तिच्या बुटालाही तीच रेघ पाडत होता. दोन कॉइली मी विनाकारण घेतल्या होत्या.

त्यानंतर मामांकडे बसून, मॅन्युअल वाचून आणि आमच्या घरातल्या व भावकीतल्या गाड्यांवर करून बघून जे शिकलो ते इथं क्रमानं लिहितोय. हे पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांसाठी आहे. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, तिथली गोष्ट वेगळी.

१. आधी दिवा बघा : लुकलुकतोय की स्थिर आहे?

दिवा स्थिर पेटला असेल आणि गाडी बरी चालत असेल तर घरी येऊन निवांत तपासता येतं. पण दिवा लुकलुकत असेल तर रेस सोडा, गाडी कडेला घ्या. मिसफायर जोरात चालू आहे असा त्याचा अर्थ. एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाही, ते तसंच सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जाऊन पेटतं. त्याच्या आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी त्या उष्णतेनं वितळते. कॉइल आणि प्लगचा खर्च कन्व्हर्टरच्या खर्चापुढं काहीच नाही. हायवेला कागलजवळ असाल आणि दिवा लुकलुकत असेल तर ‘कोल्हापूर जवळच आहे’ म्हणून दामटू नका, टोइंग परवडतं.

२. कोड काय सांगतो आणि काय सांगत नाही

ही पायरी नीट समजली तर निम्मं काम झालं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

कोडचं पहिलं अक्षर ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा बिघाड. त्यानंतरचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. तिथं एक असेल तर बहुतेकदा तो कंपनीचा स्वतःचा कोड असतो आणि त्याचा अर्थ त्या गाडीच्या मॅन्युअलमध्येच बघावा लागतो. तिसऱ्या जागी ३ असेल तर विषय इग्निशन किंवा मिसफायरचा.

आता दोन जवळजवळ सारखे दिसणारे कोड घ्या. पी०३०२ आणि पी०३५२. दोन्हीत ‘दोन’ आहे म्हणून बरेच जण दोन्हीवर एकच औषध देतात. पण गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, हे दोन कोड अगदी वेगळ्या तऱ्हेनं ठरवतो.

स्पार्क पडला की नाही हे बहुतेक गाड्यांत ईसीएमला थेट दिसत नाही. त्याला क्रँक सेन्सरवरून क्रँकशाफ्टचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचा, वेग कळतो. प्रत्येक सिलिंडर पेटला की क्रँकला एक धक्का मिळतो. दोन नंबरच्या पाळीला धक्का बसला नाही तर क्रँक त्या क्षणी किंचित मंदावतो. ईसीएम ते मोजतो आणि लिहून ठेवतो पी०३०२. थोडक्यात, ‘दोन नंबरनं ढकललं नाही’ एवढंच तो म्हणतोय. का ढकललं नाही, ते त्याला ठाऊक नाही. कॉइल असेल, प्लग असेल, इंजेक्टर असेल, व्हॉल्व्ह गळत असेल.

पी०३५२ चं तसं नाही. तिथं ईसीएम कॉइलकडे जाणाऱ्या स्वतःच्या तारेवर लक्ष ठेवून असतो. तारेतला विद्युतप्रवाह अपेक्षेप्रमाणे वागला नाही की हा कोड येतो. म्हणजे तक्रार विजेची आहे : कपलर (तारेच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड) सैल, तार तुटलेली, उंदरानं खाल्लेली, कॉइल आतून गेलेली, अर्थिंग खराब. या कोडवर प्लग बदलण्यात पैसे घालवू नका.

नेहमी भेटणारे कोड असे :

पी०३०० : कुठलाही एक सिलिंडर धरता येत नाही, मिसफायर इकडून तिकडं फिरतंय.
पी०३०१ ते पी०३०४ : त्या त्या नंबरच्या सिलिंडरमध्ये मिसफायर.
पी०३५१ ते पी०३५४ : कॉइल ए, बी, सी, डी यांचं सर्किट.
पी०३२५ : नॉक सेन्सरचं सर्किट.
पी०३३५ : क्रँक सेन्सरचं सर्किट. यात गाडी कधी गरम झाल्यावर बंद पडते, स्टार्टर फिरतो पण इंजिन लागत नाही.
पी०३४० : कॅम सेन्सरचं सर्किट.

पी०३०० च्या जोडीला पी०१७१ आला असेल तर इग्निशनच्या मागं लागण्याआधी हवेची गळती आणि पेट्रोलचा दाब बघा. पी०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय. असं मिश्रण नीट पेटत नाही आणि बिचाऱ्या कॉइलवर आळ येतो.

आणि एक. जुन्या काही चार सिलिंडर गाड्यांत दोन सिलिंडरला मिळून एक कॉइल असते, एक-चार ची जोडी आणि दोन-तीन ची जोडी. अशा गाडीत पी०३०१ आणि पी०३०४ एकत्र आले तर दोन प्लग एकाच दिवशी जाण्यापेक्षा ती एक कॉइल जाण्याची शक्यता जास्त.

३. जवळ काय काय हवं

कागदांपैकी गाडीचं मॅन्युअल आणि आधीच्या सर्व्हिसची बिलं. प्लग शेवटचे कधी, किती किलोमीटरला बदलले ते बिलावरच कळतं. गाडी वॉरंटीत असेल तर इथंच थांबा आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला न्या. स्वतः खोलून वॉरंटीचा वाद ओढवून घेण्यात अर्थ नाही.

अवजारं फार लागत नाहीत :

– ओबीडी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचायच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ अडॅप्टर आणि मोबाइलवर एखादं स्कॅनर अ‍ॅप. ईएलएम ३२७ नावानं मिळणारे साधे अडॅप्टर कोड वाचायला पुरतात. आयफोनवाल्यांनी तो आपल्या फोनला चालतो का ते आधी विचारून घ्यावं.
– साधा डिजिटल मल्टिमीटर.
– प्लगची गोटी (सॉकेट पाना), लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट. गाडीनुसार १४, १६ किंवा २१ मिलिमीटर लागते. आतून रबर किंवा चुंबक असलेली घ्या, नाहीतर सैल झालेला प्लग खोल भोकातून वर येत नाही.
– १० ची गोटी, कॉइलच्या बोल्टसाठी.
– फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, टॉर्च, सुती फडकं.
– टॉर्क पाना, म्हणजे किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना, मिळाला तर उत्तम. उद्यमनगरात ओळखीच्या वर्कशॉपमधून तासाभरासाठी मिळतो.

४. कोड वाचा, पण लगेच उडवू नका

ओबीडीचं सोळा पिनांचं सॉकेट स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या आसपास असतं. चावी ऑन करा, अडॅप्टर लावा, अ‍ॅपमधून कोड वाचा.

वाचून झाल्यावर हात ‘क्लिअर’च्या बटणाकडे जातो. आवरा. आधी ‘फ्रीझ फ्रेम’ उघडा आणि स्क्रीनशॉट काढा. कोड ज्या क्षणी नोंदला गेला त्या क्षणीचे आरपीएम, गाडीचा वेग, इंजिनाचं तापमान, लोड हे सगळं तिथं जपलेलं असतं. कोड उडवला की हे कायमचं गेलं. माझ्या गाडीत तिसऱ्या वेळी इंजिनाचं तापमान ३५ अंश होतं, म्हणजे पावसात रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू केल्याकेल्या बिघाड आला होता. मामांना ओलाव्याचा संशय आला तो याच एका आकड्यावरून. उलट तुमचा कोड ज्योतिबाचा चढ चढताना, जास्त लोडवर आला असेल तर प्लगच्या टोकांमधली झिजून वाढलेली फट, म्हणजे गॅप, किंवा कमजोर कॉइल आधी डोळ्यांसमोर आणा, कारण लोड वाढला की स्पार्क पाडायला जास्त व्होल्टेज लागतं.

‘पेंडिंग’ कोड वेगळे दाखवले असतील तर तेही टिपा. ते अजून पक्के झालेले नसतात, पण पुढं काय येणार ते सांगतात.

बॅटरीची तार काढून दिवा घालवायची एक पद्धत आहे. करू नका. कोड आणि फ्रीझ फ्रेम तर जातातच, ईसीएमनं शिकून ठेवलेली पेट्रोलची जुळणीही जाते आणि बिघाड मात्र जागच्या जागी राहतो.

५. बॅटरी आणि सीएनजी : दोन मिनिटांच्या दोन चाचण्या

इंजिन बंद, गाडी काही तास उभी असताना बॅटरीला मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास हवं. इंजिन चालू करून साधारण १३.८ ते १४.५. याच्या बरंच खाली असेल तर कॉइलला पुरेसा खुराकच मिळत नाही. आधी बॅटरी, तिचे टर्मिनल आणि बॉडी अर्थ साफ करा.

गाडी सीएनजीवर असेल तर स्विच दाबून पेट्रोलवर घ्या आणि पंधरा-वीस किलोमीटर फिरवा. पेट्रोलवर मिसिंग पूर्ण थांबलं तर दोन शक्यता : सीएनजीचे इंजेक्टर, फिल्टर किंवा दाब, नाहीतर थकत चाललेली कॉइल आणि प्लग. सीएनजीच्या मिश्रणातून स्पार्क पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून म्हातारी होत आलेली कॉइल पेट्रोलवर ठीक वाटते आणि गॅसवर उघडी पडते. सीएनजी गाडीत प्लगची मुदत आणि गॅप मॅन्युअलप्रमाणेच ठेवा, ‘अजून चालतोय की’ म्हणून ओढू नका.

६. इंजिन थंड करून डोळ्यांनी बघा

बॉनेट उघडून अवजार न लावता दहा मिनिटं नुसतं बघा. वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा साचलाय का? तांब्याभर पाणी ओतून बघा, ते कडेच्या वाटेनं खाली जातं की इंजिनावर गळतं? कपलरची कुलपं तुटली आहेत का? एकेक कपलर हलकेच ओढून बघा, नीट बसलेला कपलर हातात येत नाही.

आपल्याकडं उंदीर हा मोठाच विषय आहे. उसाच्या पट्ट्यात, गोठ्याशेजारी गाडी लावणाऱ्यांना सांगायला नको. गावाकडं चुलतभावाच्या गाडीला पी०३५३ आला होता. तीन नंबरच्या कॉइलची एक तार कपलरपासून चार बोटांवर कुरतडलेली, आतली तांब्याची दोन-तीन केसं तेवढी शिल्लक. वरून टेप असल्यामुळं दिसत नव्हती, बोटानं चाचपत गेलो तेव्हा तिथं तार मऊ लागली. वायरिंग बघायचं ते असं, बोटांनी.

गाडी वॉशिंग सेंटरला धुतल्यावर मिसिंग सुरू झालं असेल तर कॉइली काढा, भोकात पाणी आहे का बघा. प्रेशरच्या पाण्यानं इंजिन धुवायला देऊ नका, एवढं आग्रहानं सांगतो.

७. कॉइल आणि प्लग काढणं

इंजिन पूर्ण थंड हवं. सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं असतं. गरम असताना प्लग काढला तर आटे खराब होतात आणि ते काम मोठं आहे. चावी बंद. हृदयात पेसमेकर बसवलेल्या माणसानं चालू इंजिनाच्या इग्निशनजवळ थांबू नये.

कपलर काढताना कुलूप दाबून प्लास्टिक धरून ओढा, तार धरून नव्हे. कॉइल थोडी फिरवून वर घ्या. प्रत्येक कॉइलवर मार्करनं नंबर घाला. सिलिंडर एक नंबर साधारणपणे बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा असतो, पण तुमच्या इंजिनाचं मॅन्युअलमध्ये बघून खात्री करा. उलट्या बाजूनं मोजून चांगली कॉइल काढून टाकलेली मी पाहिली आहे.

प्लग सैल करण्याआधी भोकात हवा मारा. पंक्चरवाल्याकडं गाडी नेऊन कॉम्प्रेसरची हवा मारून घेतली तरी चालेल. नाहीतर तळाशी बसलेली माती प्लग निघताच सरळ सिलिंडरमध्ये पडते.

आता प्लग ओळीनं कागदावर मांडा, सिलिंडरच्याच क्रमानं. टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर ते सिलिंडर नीट जळतंय. कोरडी काळी काजळी : पेट्रोल जास्त, किंवा स्पार्क पडत नाही म्हणून न जळलेलं. ओलसर, तेलकट काळं : तेल आत येतंय. एकदम पांढरं : मिश्रणात पेट्रोल कमी किंवा जास्त गरमी. चारांत एकच वेगळा दिसला तर लक्ष त्याच्यावर. मग चिनी मातीवर ती रेघ शोधा, टॉर्च तिरकी धरून, प्लग फिरवत. रेघ सापडली तर त्या सिलिंडरचा प्लग आणि बूट दोन्ही बदला. बूट सुटा मिळत नसेल तर कॉइलसकट. एक बदलून दुसरा ठेवला तर माझ्यासारखी फेरी होते.

भोकात तेल दिसलं तर टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग आणि प्लगच्या नळीचे सील गेलेत. तेलात बुडून रबर फुगतं आणि इन्सुलेशन जातं. पॅकिंग बदलल्याशिवाय नवी कॉइल घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

गॅप फिलर गेजनं मोजा. बऱ्याच गाड्यांत ०.८ ते १.१ मिलिमीटरमध्ये असते, नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. इरिडियम प्लगचं मधलं टोक सुईसारखं नाजूक असतं. त्याला गेजनं ढोसू नका आणि वायर ब्रशनं घासू नका.

८. अदलाबदल : एक रुपया न घालता होणारी चाचणी

कोड पी०३०२ आहे असं धरू. दोन नंबरची कॉइल तीनवर लावा आणि तीनची दोनवर. प्लग, इंजेक्टर कशालाच हात लावू नका. आता कोड उडवा आणि फ्रीझ फ्रेमच्या स्क्रीनशॉटमध्ये जी परिस्थिती होती तशीच परत आणा. चढावर आला होता तर चढावर न्या, थंड इंजिनावर आला होता तर सकाळी सुरू करा. जाग्यावर उभं राहून दोन मिनिटं इंजिन चालवून काही कळत नाही. मात्र या फेरीतही दिवा लुकलुकायला लागला तर तिथंच थांबा. सापडायचं ते सापडलेलं असतं.

परत कोड वाचा.

पी०३०३ आला : बिघाड कॉइलबरोबर गेला. कॉइल खराब आहे, खुशाल बदला.
पी०३०२ च राहिला : कॉइल निर्दोष. आता फक्त प्लगची अदलाबदल करा आणि तेच परत.
प्लग बदलूनही दोनवरच : इग्निशनचे भाग सुटले. कपलर आणि तार बघा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. कॉम्प्रेशनची चाचणी फिटरकडून करून घ्या.
काहीच आलं नाही : घाईनं आनंद मानू नका. काढून-घालताना कपलर नीट बसला असेल. आठवडाभर नजर ठेवा.

एका वेळी एकच वस्तू हलवायची, हा नियम मोडू नका. कॉइल आणि प्लग एकदम हलवले आणि कोड सरकला तर दोघांतला दोषी कोण ते कळत नाही, आणि मग दोन्ही विकत घ्यावे लागतात.

चालू इंजिनावर एकेक कॉइल किंवा प्लगची वायर काढून ‘कुठल्यानं फरक पडतो’ बघायची जुनी सवय काही गॅरेजांत अजून आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ते चालून जायचं. आताच्या गाडीत हजारो व्होल्टला जायला वाट मिळाली नाही की ते कॉइल आतून फोडतात, ईसीएमलाही धक्का पोचू शकतो, आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जातं ते वेगळंच. तुमच्या गाडीवर कुणी असं करू लागलं तर नम्रपणे थांबवा.

९. पी०३५१ ते पी०३५४ असेल तर मीटर काढा

यातही आधी अदलाबदल करून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर काम तिथंच संपलं. सरकला नाही तर वायरिंग.

कॉइलचा कपलर काढा, चावी ऑन, इंजिन बंद. मीटर डीसी २० व्होल्टवर. काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कपलरच्या सप्लाय पिनला. बॅटरीएवढं व्होल्टेज यायला हवं. कुठली पिन सप्लायची, कुठली अर्थची आणि कुठली ईसीएमच्या ट्रिगरची, हे वायरिंगच्या नकाशावरून ठरवा, रंगावरून अंदाज बांधू नका. काही गाड्यांत हा सप्लाय रिलेतून येतो आणि चावी ऑन केल्यावर काही सेकंदच राहतो, तेव्हा एकानं चावी फिरवावी, दुसऱ्यानं मीटर बघावा. एकाही कॉइलला सप्लाय नसेल तर फ्यूज आणि रिलेकडं वळा.

अर्थ तपासायला चावी बंद करून मीटर ओहमवर घ्या. अर्थची पिन आणि बॅटरी निगेटिव्ह यांमध्ये जवळजवळ शून्य हवं. ट्रिगरच्या तारेला टेस्ट बल्ब कधीही लावू नका, ईसीएमच्या आतला ड्रायव्हर, म्हणजे कॉइल चालू-बंद करणारा भाग, जळू शकतो. आणि तारेला सुई टोचून व्होल्टेज बघू नका. कोल्हापूरच्या पावसात त्या एवढ्याशा भोकातून पाणी शिरतं आणि सहा महिन्यांनी तिथंच हिरवा गंज धरतो.

दोन पिनांच्या साध्या कॉइलचा ओहम मोजून मॅन्युअलशी ताडता येतो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असतं, तिथं ओहमच्या आकड्यावर निकाल देऊ नका.

पिनांवर हिरवट-पांढरा थर असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, वाळू द्या, घट्ट बसवा. चुलतभावाच्या गाडीला आम्ही तेवढी तार जोडून, डाग देऊन, वर हीट श्रिंक नळी चढवली. कोड आजतागायत आलेला नाही.

१०. परत जोडणी आणि खात्री

प्लग हातानंच आट्यांवर धरवा. रबरी नळीचा तुकडा प्लगच्या डोक्यावर बसवून फिरवला तर आटे चुकले की नळीच घसरते, पाना लावून मात्र चुकलेले आटेही तसेच कापत जातात. शेवटचं घट्ट करणं टॉर्क पान्यानं, मॅन्युअलच्या आकड्याला. टॉर्क पाना नसेल आणि प्लग १४ मिलिमीटर आट्यांचा, नव्या वॉशरचा असेल तर हातानं टेकल्यावर साधारण अर्धा ते दोन तृतीयांश फेऱ्याच्या आत थांबा. बुटाच्या तोंडाशी आतून डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या, ग्रीसचा पातळ हात फिरवला तर ओलावा शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट चिकटत नाही.

सुटे भाग घेताना जुना भाग हातात घेऊन जा, त्यावरचा नंबर ताडा आणि पक्कं बिल घ्या. कॉइल आणि प्लगमध्ये बनावट माल बराच फिरतो. गॅरेजला काम दिलंत तर जुने भाग परत मागा. मामांनी काढलेला तो रेघ पडलेला प्लग मी अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलाय. कुणी विचारलं की दाखवायला बरा पडतो.

सगळं झाल्यावर कोड उडवा आणि तीन-चार दिवस गाडी नेहमीसारखी वापरा : एकदा सकाळच्या थंड इंजिनावर, एकदा हायवेला शिरोलीच्या पुढं, एकदा पन्हाळ्याच्या चढाला. अ‍ॅपमध्ये ‘मॉनिटर’ किंवा ‘रेडिनेस’ नावाची यादी असते. कोड उडवल्यावर तिच्यातल्या काही ओळी ‘अपूर्ण’ दाखवतात आणि गाडी चालेल तशा एकेक पूर्ण होत जातात. त्या पूर्ण झाल्या, पेंडिंगमध्ये काही नाही, की मग पुन्हा एकदा तांब्याभर पाणी वायपरच्या जाळीत ओता आणि ते कडेनं खाली जातंय ना बघा.